पूर्वज्ञानाचा रकाना

पाठ शिकवण्याआधी त्याची आखणी जिथे लिहायची, त्या पाठ टाचणाच्या वहीत घटक, उपघटक आणि उद्दिष्टे लिहून झाली की 'पूर्वज्ञान' नावाचा एक लहानसा रकाना येतो. पाठ सुरू होण्याआधी वर्गातल्या मुलांना त्या विषयाचे काय काय ठाऊक आहे, ते तिथे दोन ओळींत लिहायचे असते. डी.एड. या शिक्षक होण्यासाठीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मी असे किती रकाने भरले याचा हिशेब नाही, पण ते कसे भरले ते मात्र स्वच्छ आठवते. वरच्या वर्षाच्या एखाद्या मुलीची जुनी वही समोर उघडी असायची आणि 'विद्यार्थ्यांना परिसरातील प्राण्यांची माहिती आहे' हे वाक्य त्या वहीतून या वहीत उतरायचे. कोणते विद्यार्थी, कोणता परिसर आणि कोणते प्राणी, हा प्रश्न आम्हांला पडत नसे आणि वहीवर सही करणाऱ्यांनाही तो पडलेला मी पाहिला नाही.

मी २००४ ते २००६ या काळात कोल्हापुरात डी.एड. केले. आमच्या अभ्यासक्रमात वंचित समाजांच्या शिक्षणावर एक प्रकरण होते आणि आदिवासी मुलांच्या शिक्षणातील समस्या व उपाय हा त्यावरचा हमखास प्रश्न होता. समस्या आठ, उपायही आठ, असे त्याचे उत्तर आम्हांला तोंडपाठ होते. भाषेची अडचण, पालकांचे अज्ञान, गैरहजेरी, अंधश्रद्धा अशा क्रमाने ते सुरू व्हायचे. हे सगळे गडचिरोलीत, नंदुरबारात किंवा मेळघाटात घडते अशी आमची पक्की समजूत होती आणि तिला कागदाचा आधारही होता, कारण महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत आदिवासींसाठीचे अनुसूचित क्षेत्र आहे आणि त्यांत कोल्हापूर येत नाही. रंकाळ्याच्या काठावर बसले की सूर्य ज्या दिशेला मावळतो, त्याच दिशेच्या डोंगरांवर शाहूवाडीपासून चंदगडापर्यंत धनगरवाडे विखुरलेले आहेत, तिथे पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या आधाराने जगणारी माणसे आहेत आणि त्यांचे जगणे आमच्या त्या आठ मुद्द्यांत कुठेही बसत नाही, हे कळायला मला दुसऱ्या वर्षाच्या छात्रसेवाकालापर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन शिकवण्याच्या काळापर्यंत, थांबावे लागले. सरकारी कागदावर धनगर समाज भटक्या जमाती 'क' या प्रवर्गात मोडतो. त्याला अनुसूचित जमातीत घेण्याची मागणी जुनी आहे आणि तो वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. त्यात शिरण्याचा मला अधिकार नाही. प्रवर्गाच्या नावावरून मुलाच्या गोठ्यात काय बांधलेले आहे ते कळत नाही, इतकेच मी अनुभवाने सांगू शकते, कारण माझी पहिली फजिती तिथेच झाली.

छात्रसेवाकालासाठी माझी नेमणूक राधानगरी तालुक्यातल्या एका वाड्यावरच्या शाळेत झाली. एस.टी. जिथे सोडायची तिथून पुढे दीड तासाचा चढ होता. शाळा दोनशिक्षकी, पट सतरा आणि चारही इयत्ता एकाच खोलीत बसायच्या. मला चौथीच्या परिसर अभ्यासातला व्यवसायांवरचा पाठ घ्यायचा होता. धनगरवाड्यावर शिकवायचे म्हणून मी रात्र जागून कार्डशीटवर एक तक्ता रंगवला होता. त्यावर लाल फेट्याचा, खांद्यावर घोंगडे आणि हातात काठी घेतलेला एक धनगर होता, पुढे मेंढ्यांचा कळप होता आणि कोपऱ्यात एक ढोलही काढला होता. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याने पिवळेधमक झालेले असे धनगर मी लहानपणापासून पाहत आले होते, त्यामुळे चित्र काढताना मला कसलीही शंका आली नाही. पूर्वज्ञानाच्या रकान्यात मी प्रथमच स्वतःच्या मनाने वाक्य लिहिले होते: 'विद्यार्थ्यांना मेंढीपालन या व्यवसायाची माहिती आहे.' त्या वाक्याचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

तक्ता फळ्यावर लावला आणि प्रस्तावनेचा पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या घरी किती मेंढ्या आहेत?" वर्ग गप्प राहिला. पाठ पाहण्यासाठी आमचे अध्यापक तो चढ चढून आले होते आणि मागे निरीक्षण वही घेऊन बसले होते. मी प्रश्न सोपा केला, "बरं, मेंढीपासून आपल्याला काय काय मिळते?" तरीही कोणी बोलेना. शेवटी खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली आणि आपलीच काही चूक झाल्यासारख्या आवाजात म्हणाली, "बाई, मेंढरं न्हाईत. आमची म्हसरं हाईत." तिच्या मागच्या मुलाने तक्त्यातल्या फेटेवाल्याकडे बोट दाखवून शेजाऱ्याला हळूच विचारले, "ह्यो कोण हाय?"

घाटमाथ्यावरचे हे धनगर गवळी धनगर आहेत. ते म्हशी पाळतात, नाचणी-वरी पिकवतात आणि लोण्या-तुपासाठी घाटाखालच्या कोकणाशी त्यांचा जुना व्यवहार आहे. मेंढी पूर्वेकडच्या कोरड्या माळावर तगते. डोंगरातल्या पावसात ती चिखलात उभी राहिली की तिचे खूर कुजतात. गगनबावड्याकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही, म्हैस मात्र त्या पावसात खुशाल डुंबते. धनगर हे नाव एकच असले तरी हवामान दोन आहेत, जनावरे दोन आहेत आणि आयुष्येही दोन आहेत. मी एकाचे चित्र काढून दुसऱ्याला दाखवत होते. वाईट याचे वाटले की म्हैस माझ्या ओळखीची नव्हती असेही नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध पिऊन मी वाढले आहे, दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवून, मोरपिसे लावून रस्त्यावर पळवल्या जाणाऱ्या म्हशी पाहायला वडिलांच्या खांद्यावर बसून गेले आहे. पण धनगर म्हटल्यावर माझ्या मनात पुस्तकातले मेंढरूच आले. अध्यापकांनी निरीक्षण वहीत शेरा लिहिला: 'तक्ता आकर्षक. प्रस्तावना लांबली.' मेंढ्यांविषयी त्यात एक अक्षर नव्हते.

तो तक्ता मी पुढे कित्येक वर्षे कपाटात गुंडाळून ठेवला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. तिसरीतल्या एका मुलाला मी सहज विचारले, "तुमच्या किती म्हशी रे?" त्याने आकडा सांगितला नाही. तो म्हणाला, "चांदी, शिंगमोडी, भुरी, लांडी, थोरली, थोरलीची वगार..." आणि डोळे मिटून यादी म्हणत राहिला. वगार म्हणजे अजून न व्यालेली तरुण म्हैस. मी त्याला मध्येच थांबवून विचारले, "हो, पण किती?" तो गोंधळला. मी त्याच्या नावापुढे 'संख्याज्ञान कच्चे' अशी नोंद केली. मुक्कामाला मी त्याच्याच घराच्या पडवीत होते. दिवेलागणीला जंगलातून म्हशी परतू लागल्या, तेव्हा तो गोठ्याच्या तोंडाशी एका पायावर भार देऊन उभा होता. ओठ हलत नव्हते, बोटेही हलत नव्हती. शेवटची म्हैस आत गेल्यावर तो वळून वडिलांना म्हणाला, "वगार आली न्हाई." मी दारातल्या म्हशी मोजल्या होत्या, त्या तेरा होत्या, पण तेरा या आकड्यावरून मला काहीच कळले नव्हते. वडील बॅटरी घेऊन ओढ्याच्या बाजूला गेले आणि तासाभराने वगार घेऊन आले. मी त्या मुलाला विचारले, "तू मोजल्या नाहीस, मग तुला कसे कळले?" त्यावर तो म्हणाला, "मोजून कसं कळंल बाई, कोण न्हाई ते?"

त्या रात्री मी 'संख्याज्ञान कच्चे' खोडले. त्याच्या जागी काय लिहावे ते मात्र सुचले नाही, कारण चौदा वेगळ्या जनावरांचा संच मनात पूर्ण धरून त्यातला एक घटक नाही हे एका दृष्टिक्षेपात ओळखण्याच्या क्षमतेला आमच्या नोंदवहीत शब्दच नव्हता. त्याला आकड्यांची भाषा शिकवायची होती हे खरेच आहे. आकडा आला नसता तर बाजारात त्याची फसवणूक झाली असती. पण दुसऱ्या दिवशी मी वजाबाकी शिकवली ती मात्र त्याच्या गोठ्यापासून शिकवली. आधी सगळ्यांची नावे फळ्यावर लिहिली, मग न आलेल्यांची नावे पुसली आणि उरलेल्यांपुढे आकडा मांडला. सतरा मुलांपैकी एकालाही तो पाठ दोनदा सांगावा लागला नाही.

पुढे शिक्षणसेवक म्हणून लागले आणि नंतर कायम झाले, तेव्हा ही रीत माझ्या अंगवळणी पडली. दुभती, भाकड, गाभण, वगार, रेडकू, या शब्दांत वर्गीकरणाचा अख्खा धडा आहे, आणि तो त्या मुलांनी मला शिकवला. पहिल्या वेताची, दुसऱ्या वेताची, तिसऱ्या वेताची, असे म्हणत ती क्रमवाचक संख्या पाचव्या वर्षापासून वापरत असतात. जिथे रस्ता पोहोचला आहे आणि दूध संस्थेची गाडी येते, त्या वाड्यांवर तर दशांश अपूर्णांक घरात पावतीच्या रूपाने पडलेला असतो. पाचवीतल्या एका मुलीने मला सांगितले होते की कालचे दूध 'सहा पॉइंट आठ'ने लागले आणि आजचे 'सहा पॉइंट पाच'ने, म्हणून आई चिडली आहे. फॅटचा आकडा खाली गेला की दर खाली जातो हे तिला माहीत होते आणि आठ दशांश हे पाच दशांशांहून मोठे असतात, हे तिला कोणी शिकवलेले नव्हते. मी ती पावती मागून घेतली आणि फळ्यावर तशीच्या तशी उतरवली.

भाषेच्या बाबतीत मात्र मी इतकी लवकर शहाणी झाले नाही. कोल्हापूरच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' असे बोलतात, हे बाहेरच्यांना गमतीचे वाटते. आमच्या अध्यापक विद्यालयात पहिल्याच महिन्यात ते सोडायला लावण्यात आले. 'आलो' म्हटले की वर्गात हशा व्हायचा आणि मग 'आले, आले' असे घोकून घ्यावे लागायचे. 'आलतो', 'गेलतो', 'करालाय' ही रूपेही तशीच गळून पडली. शिक्षकाला प्रमाण मराठी आली पाहिजे याबद्दल माझा काहीच वाद नाही, हा लेखही मी त्याच मराठीत लिहिते आहे. पण आमच्या जिभेवरचे शब्द चूक ठरवून काढून घेतले गेले, तेव्हा मुलांच्या जिभेवरच्या शब्दांशी तसेच वागायचे असते, हेही आम्ही नकळत शिकलो. वाड्यावर 'म्हसरं' म्हणणाऱ्या मुलीला मी त्या दिवशी आधी 'म्हशी' असा शब्द सुधारून दिला आणि मगच तिचे म्हणणे ऐकले. आजही आईचा फोन आला की मी 'आलो गं' म्हणते आणि शेजारी कोणी शाळेतले असेल तर क्षणभर चपापते.

प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याच्या बाबतीत आमचा जिल्हा देशाच्या पुढे होता, याचा अभिमान आम्हांला बाळपणापासून पाजला जातो आणि तो खोटा नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया मोठा होता. मुलाला शाळेत आणण्याची जबाबदारी राज्याची आहे, हे त्या दंडातून गावोगाव पोहोचले. पण डोंगरावरच्या घरात एक प्रश्न उरतोच: मूल शाळेत गेले तर म्हशी कोणी राखायच्या? याचे एक उत्तर बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला वारली मुलांसाठी शोधले होते. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. कोसबाडच्या टेकडीवर त्या १९५७ मध्ये आल्या. आम्हांला डी.एड.मध्ये ताराबाईंचे नाव एका गुणाच्या प्रश्नापुरते होते. कुरणशाळेत शिक्षकाने गुरांच्या मागे चालत काय आणि कसे शिकवले असेल, यावर एक तासही झाला नाही.

खरे तर इतके लांब जाण्याचीही गरज नव्हती. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे केले. पुढे १९६४ ते १९६६ या काळात ते देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सचिव होते आणि घरच्या कामामुळे पूर्णवेळ शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी अर्धवेळ शिक्षणाचा आग्रह त्यांनी सातत्याने धरला. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय तर कोल्हापूर शहरातच आहे. मुलांचे स्वतःचे अनुभव पाठाच्या मध्यभागी ठेवले की वर्ग कसा दिसतो, ते आम्हांला सायकलवरून जाऊन पाहता आले असते. आमच्या विद्यालयाच्या सहली मात्र गणपतीपुळ्याला जात.

मुलांपर्यंत जाणारा शिक्षक बाहेरून किती काळ आणायचा, हा प्रश्न मला अलीकडे जास्त छळतो. कॅनडातल्या मूलनिवासी समाजांनी तो आपल्या पद्धतीने सोडवायला घेतला. तिथे अनेक पिढ्या मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले, आपली भाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या आणि त्या जखमा आजही भरलेल्या नाहीत. सस्कॅचवान विद्यापीठात १९७२ मध्ये आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात १९७४ मध्ये त्या समाजांतूनच शिक्षक घडवण्याचे अभ्यासक्रम सुरू झाले. ब्रिटिश कोलंबियातल्या अभ्यासक्रमाची रचना मला विशेष वाटते. विद्यार्थ्यांनी सुरुवातीची वर्षे आपापल्या वस्त्यांच्या जवळच्या केंद्रांवर शिकायचे आणि त्यानंतर व्हँकूव्हरच्या आवारात यायचे, अशी ती रचना होती. म्हणजे प्रशिक्षण आधी माणसाच्या दारात गेले. आपली परिस्थिती तिकडच्यासारखी नाही आणि तिकडचा इतिहास आपल्या डोंगरावर लादण्यातही अर्थ नाही. तरीही आमच्याकडे वाड्यावरच्या मुलीला शिक्षक व्हायचे असेल तर आठवीपासूनच वसतिगृहात उतरावे लागते आणि ती डी.एल.एड. (डी.एड.चे आताचे नाव) होऊन बाहेर पडेपर्यंत घरापासून तिची सात-आठ वर्षे गेलेली असतात, हे त्या केंद्रांविषयी वाचताना आठवल्याशिवाय राहत नाही.

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत शिकवण्याच्या सरावासाठी, माझ्या शाळेत आली. वाड्यावरची, गवळी धनगरांच्या घरातली, बारावीपर्यंत वसतिगृहात राहिलेली. माझी शाळा घाटाच्या पायथ्याशी आहे, पट एकोणीस. शासनाने २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले तेव्हापासून आमच्याकडे नवे मूल दाखल झाले की आम्ही आधी आकडा पाहतो आणि मग मूल, हे मी लाजेने कबूल करते. तर ही मुलगी पहिल्या दिवशी टाचणाची कोरी वही घेऊन माझ्यासमोर बसली. उद्दिष्टे तिने भराभर लिहिली. पूर्वज्ञानाच्या रकान्यापाशी तिचे पेन थांबले.

"बाई, हितं काय लिहू?"

"मुलांना काय येतं ते लिही."

"मला अजून ठाव न्हाई," ती म्हणाली, आणि लगेच सावरून घेत, "माहीत नाही," असे तिने दुरुस्त केले. मी तिला म्हटले, "ठाव न्हाई असंच म्हण, आणि रकाना कोरा ठेव." तीन दिवस तो कोरा राहिला. या तीन दिवसांत ती मधल्या सुट्टीत मुलांबरोबर ओढ्यापर्यंत गेली, दोघांच्या घरी जाऊन आली आणि एका आजीकडून हिरड्याच्या मोसमाविषयी ऐकून आली. चौथ्या दिवशी तिने लिहायला घेतले. विषय होता पाणी. कोणता झरा मार्गशीर्षात आटतो आणि कोणता वैशाखातही वाहतो, गव्यांच्या पाणवठ्यावर म्हशी का नेत नाहीत, पावसाळ्यात इरले घेऊन उभे राहिल्यावर वाऱ्याची दिशा कशी कळते, कोणत्या मुलाच्या घरी पाणी डोक्यावरून येते आणि कोणाच्या घरी पाइपने, असे करत तिने रकाना भरला, समास भरला आणि मजकूर पानामागे गेला. विद्यार्थी किती, याच्याही पुढे त्यातल्या सात जणांची नावे होती.

मी सही केली. वही तिच्या विद्यालयात तपासायला गेली आणि लाल शाईचा एक शेरा घेऊन परत आली: 'पूर्वज्ञान रकान्यात मावेल इतकेच लिहावे.' मला वाटले, आता ती रडेल किंवा मजकूर खोडून 'विद्यार्थ्यांना पाण्याच्या स्रोतांची माहिती आहे' असे लिहील. मी तसे केले असते. तिने शेरा दोनदा वाचला, रकान्यात बारीक अक्षरांत 'सोबत जोडले आहे' एवढेच लिहिले आणि टेबलावरच्या डबीतून टाचणी मागून घेऊन तीन पाने मागे लावली.